बारा कोसांवर पेशी बदलते

गेल्या हिवाळ्यात पुण्याला मुलाकडे महिनाभर होतो. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर, त्यामुळे नातीला डॉक्टरांकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. नात नववीत आहे. थंड पाण्याने तोंड धुतलं की तिच्या गालांवर आणि हातांवर लाल गांधी उठायच्या, खाज सुटायची आणि तासाभरात सगळं जागच्या जागी विरून जायचं. 'अंगावर पित्त उठलंय' असं घरात सगळ्यांचं मत. मी आमसुलाचं पाणी लावायला सांगितलं होतं. आमच्या आईचं औषध तेच, आणि वर घोंगडी पांघरून झोपवायची.

डॉक्टरांनी फारसं काही विचारलं नाही. बर्फाचा एक खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि नातीच्या हातावर पाच मिनिटं घड्याळ लावून ठेवला. मग बर्फ काढून घेतला आणि आम्हाला बसायला सांगितलं. थोड्या वेळाने बघतो तर त्या जागी बरोबर खड्याच्या आकाराची फुगीर गांधी! "हे शीतपित्त," डॉक्टर म्हणाले. "थंडी लागली की हिच्या कातडीतल्या मास्ट पेशी आपल्यातलं हिस्टामिन बाहेर टाकतात." मला ते 'मस्त पेशी' ऐकू आलं आणि मी तसं म्हणालोही. नात खो खो हसली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. गोळ्या लिहून देता देता म्हणाले, "आजोबा, एक लक्षात ठेवा. पोहायच्या तलावात हिने एकदम उडी मारायची नाही. सगळं अंग एकाच वेळी थंड पाण्यात गेलं तर सगळीकडच्या पेशी एकदम कामाला लागतात. रक्तदाब खाली येतो. माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो."

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे चांगदेवचा घाट उभा राहिला.

मंडळी, ही गोष्ट मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. १९७८ च्या सुमाराची असेल. मी भुसावळला एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती, वडील रेल्वेत. तिचं नाव इथे लिहीत नाही. सकाळची शाळा, जानेवारीची थंडी. खानदेशचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण इथली हिवाळ्यातली सकाळही बोटं आखडून टाकते. फळा पुसायचं फडकं टाकीवर धुऊन आणायची मुलामुलींची पाळी असायची. हिची पाळी आली की ही काहीतरी निमित्त काढायची. "सर, पाण्याने हात सुजतात." मला वाटलं, कामचुकारपणा. एकदा जबरदस्तीने पाठवली. परत आली तेव्हा दोन्ही पंजे लालभडक होते आणि मनगटापर्यंत गांधी. बाकीच्या मुली दूर सरकल्या. कुणीतरी म्हणालं, 'लागण होईल'. आणि मी, वर्गाचा शिक्षक, काय केलं? तिला शेवटच्या बाकावर एकटी बसवली. मधल्या सुट्टीपर्यंत हात स्वच्छ झालेले पाहून उलट माझी खात्रीच पटली, की हे सगळं नाटक आहे.

त्याच महिन्यात चांगदेवला सहल गेली. तापी आणि पूर्णेचा संगम, जुनं देऊळ. मुलंमुली पाण्यात उतरून एकमेकांवर पाणी उडवत होती. ही पायरीवर पाय जवळ घेऊन बसलेली. मी सगळ्यांसमोर तिला 'भित्री भागूबाई' म्हणालो. "उतर की पाण्यात, काय विरघळणार आहेस?" ती उतरली नाही. मान खाली घालून बसून राहिली. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली आणि ती शाळा सोडून गेली.

तिने माझं ऐकलं असतं तर? पुण्याच्या त्या दवाखान्यात बसून मी हाच विचार करत होतो.

परत येताना रिक्षात नातीने विचारलं, "आजोबा, डॉक्टर म्हणाले या पेशी नाकात, फुप्फुसात, आतड्यातही असतात. मग मला फक्त कातडीवरच का उठतं? दमा का नाही होत?" प्रश्न रास्त होता. मला उत्तर येत नव्हतं. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस, शास्त्र विषय मॅट्रिकला सुटला तो सुटलाच. पण इतिहास शिकवणाऱ्याची एक खोड असते. कुठलीही गोष्ट समजत नसेल तर ती पहिल्यांदा कुणाला, कधी आणि कशी समजली, तिथून सुरुवात करायची. भुसावळला परतल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता डॉक्टर आहे, मला पुस्तकं दिली आणि जिथे अडलो तिथे समजावूनही सांगितलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आणि गंमत बघा, सुरुवातीलाच मला आपलं फैजपूर आठवलं.

फैजपूर म्हटलं की आपल्याला डिसेंबर १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं, खेड्यात भरलेलं पहिलं. पण इंग्रजांच्या गॅझेटियरात फैजपूरची ओळख वेगळी आहे. छापील सुती कापड, निळीचा आणि लाल रंग, आणि रंगाऱ्यांची सुमारे अडीचशे घरं! नीळ झाडाची, लाल रंग मुळ्यांचा. हे रंग देशभरातून हळूहळू उठले ते युरोपातल्या रसायनशास्त्रामुळे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती डांबरापासून निघालेला जांभळा रंग लागला. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या मुळ्यांतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. आपल्याकडच्या रंगाऱ्यांचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

ज्या नव्या रंगांनी इथल्या भट्ट्या थंड केल्या, त्याच कुळातले रंग जर्मनीत एक वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली वापरत होता. त्याचं नाव पॉल एर्लिक. त्याचा चुलतभाऊ कार्ल वायगर्ट हा रोगशास्त्रज्ञ. शरीराचे पातळ काप या रंगांत बुडवून बघायची युक्ती एर्लिकने त्याच्याकडून उचलली. रंगांचं त्याला वेडच होतं. १८७८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने लाइपझिगला आपला प्रबंध दिला, त्याचा विषयच रंग देण्याचं शास्त्र आणि व्यवहार. त्यात त्याने एका पेशीचं वर्णन केलं. पोटात दाणे खच्चून भरलेले, आणि मौज अशी की जांभळा रंग घातला तर आजूबाजूचा भाग जांभळा व्हायचा, पण हे दाणे लालसर दिसायचे. रंग एकच, पण दाण्यांवर पडला की बदलायचा. त्याआधी १८६३ मध्ये रेकलिंगहाउझेन याने बेडकाच्या पोटातल्या पडद्यात अशा दाणेदार पेशी पाहिल्या होत्या, पण त्यांना वेगळं ओळखून नाव दिलं ते एर्लिकने. पेशी खाऊनपिऊन लठ्ठ झाल्या असाव्यात अशी त्याची समजूत होती, म्हणून नाव ठेवलं 'मास्टत्सेलेन', म्हणजे पोसलेल्या पेशी. समजूत चुकीची निघाली, नाव मात्र राहिलं. तेव्हा माझं 'मस्त' अगदीच चुकलं होतं असं नाही!

याच एर्लिकला पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी.

या दाण्यांत आहे तरी काय, हे कळायला पुढे साठ-सत्तर वर्षं गेली. १९३७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की त्यात रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं. रंग बदलत होता तो याच्यामुळे. मग १९५३ मध्ये ब्रिटनमधल्या रायली आणि वेस्ट या दोघांनी त्यातच हिस्टामिन असल्याचं सिद्ध केलं. हिस्टामिन बाहेर पडलं की बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं, जागा लाल होते, फुगते, खाजते. म्हणजे माझ्या आईचं 'पित्त' ते हेच. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या जुन्या वैद्यकात माधवनिदानात शीतपित्ताचं प्रकरण आहे आणि थंड वाऱ्याचा स्पर्श हे त्याचं कारण तिथे दिलेलं आहे. त्या वैद्यांना पेशी ठाऊक नव्हत्या, पण रोग्याच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास होता. माझा नव्हता.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. एर्लिकनंतर बरीच वर्षं साधारण समज असा, की मास्ट पेशी ती मास्ट पेशी, कुठेही असली तरी एकच. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी थोड्या निराळ्या वागतात, असं मॅक्सिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०६ मध्येच लिहून ठेवलं होतं. तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट एनरबेक याने हा विषय धसाला लावला.

काय झालं होतं, तर शरीराचा तुकडा रंगवण्यापूर्वी तो कुजू नये म्हणून एखाद्या द्रावणात ठेवावा लागतो. सगळीकडे वापरात होतं फॉर्मॅलिन. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला उंदराच्या कातडीचा काप रंगवला की मास्ट पेशी ठळक दिसायच्या. तसाच आतड्याचा काप रंगवला तर अस्तरात त्या जवळजवळ दिसतच नसत. मग लोक लिहून मोकळे व्हायचे, की इथे मास्ट पेशी फार कमी. एनरबेकने द्रावण बदलून पाहिलं आणि त्याच अस्तरात पेशींची दाटी दिसली! त्या आधीपासून तिथेच होत्या. त्यांच्या दाण्यांतला माल निराळा असल्यामुळे फॉर्मॅलिनने त्यांची रंग धरायची ताकद जात होती, इतकंच.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. छत्तीस वर्षं मी हजेरी घेतली. नाव पुकारायचं, 'हजर सर' आलं की टिंब, नाही आलं की गैरहजेरी. पण ज्याचा आवाजच बारीक आहे, त्याचं काय? तो वर्गात बसलेला असतो आणि आपल्या वहीत मात्र नसतो. आतड्यातल्या त्या पेशींनी जवळजवळ नव्वद वर्षं 'हजर' म्हटलं होतं, फक्त ते ऐकू येईल अशी रीत कुणी वापरली नव्हती.

पुढचा प्रश्न असा, की या दोन जाती जन्मानेच वेगळ्या, की राहण्याच्या जागेने वेगळ्या? त्याचं उत्तर जपानमध्ये ओसाकाच्या युकिहिको किटामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांनी आधी, १९७७-७८ च्या सुमारास, दाखवलं की या पेशींचं बीज हाडांतल्या मगजातून येतं. मग एक खास जातीचे उंदीर घेतले. अंग पांढरंशुभ्र, डोळे काळे, आणि शरीरात मास्ट पेशी जवळजवळ नाहीतच. म्हणजे कोरी पाटी. १९८५ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या एकाच प्रकारच्या पेशी त्यांनी या उंदरांच्या शरीरात सोडल्या. ज्या पेशी कातडीत स्थिरावल्या त्या कातडीतल्यांसारख्या झाल्या, ज्या जठराच्या अस्तरात गेल्या त्या अस्तरातल्यांसारख्या झाल्या. पुढच्या वर्षी तर असंही दिसलं, की पोटाच्या पोकळीतल्या जुन्या, पक्क्या झालेल्या पेशीसुद्धा अस्तरात नेल्या तर तिथली रीत उचलतात.

भुसावळकराला हे नवीन सांगायला नको. १८६७ मध्ये इथून नागपूरपर्यंत रूळ गेले, १८७० मध्ये जबलपूरवरून कलकत्त्याची वाट जोडली गेली, आणि या गावात कुठून कुठून माणसं आली. दक्षिणेतून आलेले, उत्तरेतून आलेले, गोव्याचे. माझ्या वर्गात त्यांची नातवंडं असायची आणि आमच्यासारखीच लेवा वळणाची मराठी बोलायची. आपण म्हणतोच, दर बारा कोसांवर भाषा बदलते. इथून यावल-रावेरकडे गेलात तर एक बोली, अमळनेर-धुळ्याकडे गेलात तर अहिराणी. घराणं एकच, पण एक भाऊ तिकडे वसला आणि एक इकडे, की दोन पिढ्यांत बोलणं निराळं.

मात्र जागाच सगळं ठरवते असंही नाही. २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात आढळलं, की कातडीसारख्या ठिकाणच्या काही मास्ट पेशींचं मूळ जन्माच्याही आधी, गर्भाबरोबरच्या पिशवीत असतं, आणि तिथे त्या आपली वस्ती आपणच टिकवतात. आतड्याच्या अस्तरात मात्र मगजातून नवी भरती होत राहते. जंत झाले की ही भरती वाढते आणि जंत गेले की पेशी ओसरतात. म्हणजे गावातले जुने वाडे वेगळे आणि रेल्वे क्वार्टर्स वेगळी.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसात काय? १९८६ मध्ये अमेरिकेत इरानी, श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मास्ट पेशींचे दोन प्रकार वेगळे केले, दाण्यांतल्या प्रथिनं तोडणाऱ्या द्रव्यांवरून. फुप्फुसाच्या बारीक कोठड्यांत आणि लहान आतड्याच्या अस्तरात बहुतेक पेशींजवळ ट्रिप्टेज एकटंच असतं. कातडीत आणि आतड्याच्या अस्तराखालच्या थरात बहुतेकांजवळ ट्रिप्टेज आणि कायमेज दोन्ही असतात.

फरक सामानापुरता नाही, कान कशाला देतात यातही आहे. दम्यासाठी क्रोमोग्लायकेट नावाचं औषध निघालं, रॉजर अल्टुन्यान या दमेकरी डॉक्टरने १९६० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून ते शोधलं. ते फुप्फुसातल्या मास्ट पेशींना थोपवतं, पण माणसाच्या कातडीतल्या पेशींवर वापरून पाहिलं तेव्हा त्या ढिम्म! उलट कातडीतल्या पेशींना असे काही इशारे कळतात, जे फुप्फुसातल्यांना सहसा कळत नाहीत. मज्जातंतूंच्या टोकाशी सुटणारी काही द्रव्यं किंवा कोडीनसारखं औषध कातडीतल्या पेशींना लगेच जागं करतं. २०१५ मध्ये असे इशारे घेणारं एक दार सापडलं, मुख्यतः कातडीतल्या पेशींवरचं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं तेच दार वाजवतात, त्यामुळे कुणाकुणाला खऱ्या ॲलर्जीशिवायही अंगावर गांधी उठतात. आणि २०१६ मध्ये उंदराच्या निरनिराळ्या अवयवांतल्या मास्ट पेशींची जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दोन जाती म्हणणंही ढोबळच ठरलं. जीभ, श्वासनलिका, अन्ननलिका, कातडी, प्रत्येक ठिकाणचं वळण थोडं थोडं निराळं.

तेव्हा नातीला मी फोनवर एवढंच सांगितलं: "बेटा, तुझ्या कातडीतल्या पेशी आणि फुप्फुसातल्या पेशी एकाच आडनावाच्या आहेत, पण गावं वेगळी, बोली वेगळी. थंडीची हाक तुझ्या कातडीतल्यांना ऐकू जाते. फुप्फुसातल्या आपल्या कामात आहेत." तिने विचारलं, "मग या पेशी वाईट असतात का?" मी म्हटलं, नाही गं. २००६ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. ज्यांच्यात मास्ट पेशी नाहीत असे उंदीर साप आणि मधमाशीच्या विषाने लवकर दगावले, ज्यांच्यात होत्या ते जास्त तगले. त्या दाण्यांतलं एक द्रव्य विषच तोडून टाकतं. राखणदार आहेत त्या, तुझ्याकडचे जरा जास्त जागरूक, एवढंच.

आता माझं. मी नवशिका होतो, शास्त्र शिकलेलो नव्हतो, त्या काळी गावात असं कुणी सांगणारंही नव्हतं, या सगळ्या सबबी खऱ्या आहेत. पण त्या मुलीने मला सरळ मराठीत सांगितलं होतं, "सर, पाण्याने हात सुजतात." हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता, जर्मन रंगही लागत नव्हता. माझ्या हातात एकच द्रावण होतं, त्याचं नाव 'नाटक'. त्यात बुडवलं की कुठल्याही मुलाचं खरं दुखणं दिसेनासं व्हायचं. अशी आणखी किती मुलं माझ्या हजेरीतून सुटली असतील, कुणास ठाऊक.

ती आता साठीच्या आसपास असेल, नातवंडंही असतील. चांगदेवच्या पायरीवर तिने माझं ऐकलं नाही, हे फार बरं केलं. हा लेख तिच्या वाचनात येईल असं काही नाही. आला, तर तिला एवढं कळावं, की सरांना आता समजलं आहे, आणि सर तिची माफी मागतात.

वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील, कुणाच्या घरात असं मूल असेल. थंड पाण्याने अंगावर उठतं असं ते म्हणालं तर आमसूल जरूर लावा, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याला नदीत किंवा तलावात उतरवू नका.

असो. लेख लांबला. उद्या नातीचा पेपर आहे, संध्याकाळी फोन करायचा आहे.